पासवर्ड बरोबर, तरी परत लॉगिन स्क्रीन: लिनक्सवर सुडो लावून विंडोवाले प्रोग्राम उघडण्याचा त्रास

लातूरला ट्यूशन एरियात एका क्लासची कॉम्प्युटर लॅब आहे, चौदा मशीन, सगळ्यांवर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी सिस्टीम), आणि तिथल्या लॅबच्या मॅडमचा दर पंधरा-वीस दिवसांनी फोन ठरलेला. "दादा, ते सात नंबरचं मशीन परत तसंच करायलंय. पासवर्ड टाकला की स्क्रीन एकदा काळी होतीय आन् परत तिथंच येऊन बसतंय." पासवर्ड चुकला असता तर तसं लिहून आलं असतं, तसं काही येत नाही, पासवर्ड घेतंय, आत चाललंय असं वाटतं आणि दोन सेकंदात पुन्हा लॉगिनची स्क्रीन. त्यांच्याकडं आधी जो माणूस सर्व्हिसला यायचा त्यानं दोनदा मिंट नव्यानं टाकून दिलं होतं, दोन्ही वेळा महिनाभर बरं चाललं आणि नंतर पुन्हा तेच. मुलांनी सोडवलेल्या टेस्टच्या फायली एकदा त्यातच गेल्या. त्याचं मला फार वाईट वाटलं, कारण फॉरमॅट मारायची काहीएक गरज नव्हती. मशीन सुरू करायला दहा मिनिटं लागतात आणि पुन्हा होऊ नये म्हणून अजून अर्धा तास, ते सगळं इथं सविस्तर लिहितोय.

कमांड मी फोनवर जशा सांगतो तशाच लिहिल्यात, टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, त्या इंग्रजी अक्षरांत टाकायच्या. सुडो म्हणजे पुढची कमांड रूटच्या नावानं चालवणं, आणि रूट म्हणजे मशीनवर सगळे अधिकार असलेला यूजर. स्पेसमुळं घोटाळा होऊ शकतो तिथं वेगळं सांगितलंय.

आधी मशीनमध्ये आत जाऊ. लॉगिन स्क्रीनवर असतानाच कंट्रोल, आल्ट आणि एफ३ तिन्ही एकत्र दाबा. काळी स्क्रीन येईल, तिथं यूजरचं नाव टाका, मग पासवर्ड. पासवर्ड टाइप करताना काहीच दिसत नाही, ठिपके पण येत नाहीत, घाबरू नका, टाइप करून एंटर मारा. इथून आत गेलात म्हणजे अकाउंट ठीक आहे, पासवर्ड ठीक आहे, अडकलंय ते फक्त चित्रवालं डेस्कटॉप. (मिंटवर परत लॉगिन स्क्रीनला यायला कंट्रोल आल्ट एफ७, उबुंटूवर, म्हणजे मिंट ज्याच्यावर उभं आहे त्या लिनक्सवर, बहुतेक वेळा एफ१.)

आत गेल्यावर पहिली कमांड परवानगीची नाही, डिस्कची: डीएफ, स्पेस, डॅश एच. नुसत्या स्लॅशच्या ओळीत किंवा होमच्या (यूजरच्या स्वतःच्या फोल्डरच्या) ओळीत १०० टक्के दिसलं तर तुमचा आजार वेगळा आहे, डिस्क गच्च भरली तरी अगदी हेच लक्षण येतं, कारण लॉगिन होताना डेस्कटॉपला चार बारक्या फायली लिहायच्या असतात आणि जागाच नसते. तसं असेल तर सुडो एपीटी क्लीन मारा, होममधल्या डॉट कॅशमधला थंबनेल्सचा फोल्डर उडवा, आणि सुडो जर्नलसीटीएल, डॅश डॅश व्हॅक्यूम डॅश साइज इक्वल टू २००एम, एवढ्यावर बऱ्याचदा जागा होते. जागा भरपूर असेल तर पुढं चला.

एलएस, स्पेस, डॅश एलए. होम फोल्डरमधल्या लपलेल्या फायलींसकट सगळी यादी येते. त्यात तिसरा आणि चौथा रकाना बघायचा, तिथं मालकाचं नाव आणि ग्रुपचं नाव असतं. मी त्या दिवशी लॅबमध्येच गेलो होतो, मॅडम स्क्रीनवर बोट ठेवून एकेक ओळ वाचत होत्या: लॅब लॅब, लॅब लॅब, लॅब लॅब, रूट रूट. बोट तिथंच थांबलं. ओळीच्या शेवटी नाव होतं डॉट एक्सऑथॉरिटी. खाली अजून एक, डॉट आयसीईऑथॉरिटी, तिथंही रूट रूट. मशीन लॅब नावाच्या यूजरचं, घर त्याचं, आणि घरात शिरायची चावी ज्या डबीत ठेवतात ती डबी मात्र रूटच्या मालकीची.

ही दुरुस्ती एका ओळीची आहे. सुडो, स्पेस, सीएचओडब्ल्यूएन म्हणजे चोन, स्पेस, लॅब कोलन लॅब, स्पेस, डॉट एक्सऑथॉरिटी, स्पेस, डॉट आयसीईऑथॉरिटी. तुमच्याकडं लॅबच्या जागी तुमचं यूजरनेम. एक्सऑथॉरिटीमध्ये फक्त एक्स कॅपिटल, दुसऱ्यात फक्त आयसीई कॅपिटल, लिनक्सला लहान-मोठं अक्षर वेगळं असतं. एक्सऑथॉरिटी डायरेक्ट डिलीट केली तरी चालते, पुढच्या लॉगिनला आपोआप नवी तयार होते. मग सुडो रीबूट. सात नंबरचं मशीन त्याच वेळी सुरू झालं.

बहुतेक जण इथंच थांबतात आणि म्हणून महिन्याभरात परत फोन येतो. दोन गोष्टी राहिलेल्या असतात: घरात अजून कुठं कुठं रूटची मालकी पसरलीय ते शोधणं, आणि ती आली कुठून ते शोधणं.

शोधायला: सुडो फाइंड, स्पेस, टिल्डाची लाटेसारखी खूण, स्पेस, डॅश एक्सडेव्ह, स्पेस, डॅश यूजर रूट. एक्सडेव्ह अशासाठी की होमच्या आत दुसरी डिस्क किंवा नेटवर्कचा फोल्डर जोडलेला असेल तर त्यात शोध शिरत नाही. लॅबच्या मशीनवर वीसेक फायली निघाल्या. डॉट कॉन्फिगमधली डीकॉन्फची फाइल, म्हणजे डेस्कटॉपची सगळी सेटिंग जिथं राहते ती, शिवाय अलीकडं उघडलेल्या फायलींची यादी, डॉट कॅशमधलं थोडंफार, आणि डेस्कटॉपवर कुलपाचं चिन्ह असलेल्या दोन पीडीएफ. मॅडम म्हणाल्या, वॉलपेपर बदलला तरी दुसऱ्या दिवशी जुनाच येतोय आणि फॉन्ट मोठा केला तर राहत नाही. बरोबरच आहे, सेटिंगच्या फाइलची मालकी रूटकडं गेलीय, लॅबला तिच्यात लिहिताच येत नाही. तुमच्याकडं अजून लॉगिन अडकत नसेल पण सेटिंग टिकत नसेल, तर हीच कमांड मारून बघा, दुखणं सुरुवातीलाच सापडेल.

यादी डोळ्यांखालून घाला, आणि सगळं तुमचंच असेल तर त्याच कमांडच्या शेवटी डॅश एक्झेक, चोन, डॅश एच, लॅब कोलन लॅब, महिरपी कंसांची रिकामी जोडी आणि अधिकची खूण, प्रत्येकामध्ये स्पेस. सगळ्यांची मालकी एका दमात परत.

इथं एक गोष्ट कळकळीनं सांगतो. बरेच जण शॉर्टकट म्हणून चोन डॅश कॅपिटल आर लावून अख्ख्या होमवर फिरवतात. ते बऱ्याचदा निभतं, पण त्यात टिल्डा आणि स्लॅशच्या मध्ये चुकून एक स्पेस पडली की नुसता स्लॅश वेगळा धरला जातो आणि अख्ख्या सिस्टीमची मालकी तुमच्या नावावर होते. मग सुडोच म्हणतो की माझी मालकी रूटकडं नाही, मी चालणार नाही, आणि तिथून मागं फिरायला साधा रस्ता नाही, डेटा काढून घेऊन नव्यानंच टाकावं लागतं. हिंगोलीकडच्या एका मुलाचं हे असंच झालं होतं आणि त्याचा प्रोजेक्ट सबमिट करायला दोन दिवस राहिले होते. फाइंडवाली कमांड लांब आहे, पण सुरक्षित आहे.

आता हे आलं कुठून. हिस्टरी, मग पाइपची उभी रेघ, मग ग्रेप सुडो, एवढं मारा म्हणजे आजवर सुडो लावून काय काय चालवलं ते समोर येतं. लॅबच्या मशीनवर एकच ओळ पुन्हा पुन्हा होती: सुडो, एक्सएड, ईटीसीमधली होस्ट्स फाइल (साइटच्या नावाचा पत्ता ठरवणारी). एक्सएड म्हणजे मिंटचा साधा टेक्स्ट एडिटर. दर रविवारी टेस्ट, टेस्टच्या आधी मुलांनी व्हिडिओच्या साइट उघडू नयेत म्हणून मॅडम होस्ट्स फाइलमध्ये ओळी टाकायच्या आणि टेस्ट झाली की काढायच्या. सात नंबरचं मशीन त्यांच्या टेबलाजवळचं, शिकताना त्याच्यावर जास्त वेळा केलेलं, म्हणून तेच सारखं बसायचं. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, ज्यानं त्यांना शिकवलं त्यानं असंच शिकवलं होतं आणि इंटरनेटवर जुन्या लेखांत ठिकठिकाणी असंच लिहिलेलं आहे.

होतं काय की सुडो लावल्यावर प्रोग्राम रूट म्हणून चालतो, पण त्याला घर कुठलं दिलं जातं हा प्रश्न असतो. उबुंटूमध्ये १९.०४ पर्यंत सुडो तुमचंच होम तसंच ठेवायचा, आणि मिंट १९ हे उबुंटू १८.०४ वर उभं असल्यानं त्यातही तेच. म्हणजे माणूस रूट आणि घर तुमचं. नॅनोसारख्या टर्मिनलमधल्या एडिटरला घराचं फारसं काम नसतं म्हणून तिथं चालून जातं. विंडोवाला प्रोग्राम मात्र उघडता उघडता सेटिंग वाचतो, लिहितो, कॅश बनवतो, अलीकडच्या फायलींची नोंद करतो, तुम्ही नुसता उघडून बंद केला तरी. ते सगळं तुमच्या घरात, रूटच्या मालकीनं. आपल्याच कपाटाला दुसऱ्याचं कुलूप. पुढच्या वेळी तुम्ही लॉगिन करता तेव्हा त्या फाइलमध्ये लिहायला जाता, परवानगी नाही, आणि सेशन तिथंच पडतं.

सुडो तसा जुना आहे, १९८० च्या आसपास अमेरिकेत बफेलोच्या विद्यापीठात लिहिला गेला, आणि एमआयटीमध्ये एक्स विंडो सिस्टीम (स्क्रीनवर विंडो दाखवणारा पाया) आली १९८४ ला. म्हणजे सुडो लिहिला तेव्हा ही विंडो सिस्टीमच नव्हती, एक कमांड द्यायची, ती रूट म्हणून चालणार, संपली की संपली. उघडी राहणारी, माउसवर चालणारी, शेजारच्या विंडोशी कॉपी-पेस्ट करणारी गोष्ट त्याच्या हिशेबातच नव्हती. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

उबुंटू १९.१० पासून सुडोनं होम बदलून रूटचं द्यायला सुरुवात केली, त्यामुळं नव्या मशीनवर हा त्रास कमी झालाय, पण गेलेला नाही. एक तर लोक सुडोला डॅश कॅपिटल ई लावतात, त्यानं घर परत तुमचंच राहतं, कारण कुठंतरी वाचलेलं असतं की त्यानं थीम नीट दिसते. दुसरं म्हणजे फाइल मॅनेजर रूटनं उघडून त्यातूनच स्वतःच्या डेस्कटॉपवर फायली पेस्ट करतात, त्या फायली अर्थातच रूटच्या होतात, मग त्यावर कुलूप दिसतं, मग ते उघडायला परत रूटचा फाइल मॅनेजर, असं ते वाढतच जातं. हे कुठल्याही व्हर्जनवर होतं.

आता दुसऱ्या टोकाची तक्रार, ही नव्या उबुंटूवाल्यांकडून येते. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तसं जुन्या मशीनवाले बरेच जण इकडं वळले, आणि त्यांना जुन्या लेखातली कमांड मारली की विंडो उघडतच नाही, नुसतं लिहून येतं: नो प्रोटोकॉल स्पेसिफाइड, कॅनॉट ओपन डिस्प्ले. नाहीतर जीकेसुडो, म्हणजे विंडोवाले प्रोग्राम रूटनं उघडायची जुनी कमांड, सापडत नाही म्हणून येतं. जीकेसुडो शोधूच नका, २०१८ मध्ये डेबियननं, म्हणजे उबुंटूच्या पायाशी असलेल्या लिनक्सनं, ते काढून टाकलं, उबुंटू १८.०४ मध्येही ते नाही. कुठलातरी जुना पॅकेज उतरवून जबरदस्तीनं बसवण्यात अर्थ नाही.

डिस्प्लेचा मेसेज येण्याचं कारण वेलँड. एक्स हा जुना पाया, वेलँड नवा. फेडोरा नावाच्या दुसऱ्या लिनक्सनं २०१६ ला फेडोरा २५ मध्ये वेलँड हे ठरलेलं सेशन केलं, उबुंटूनं २१.०४ पासून, आणि उबुंटू २५.१० मध्ये तर नोमचं (उबुंटूच्या नेहमीच्या डेस्कटॉपचं) एक्सवालं सेशनच राहिलं नाही. जुन्या पायावर एका स्क्रीनवरचा कुठलाही प्रोग्राम शेजारच्या प्रोग्राममध्ये काय टाइप होतंय ते ऐकू शकतो, त्याला खोट्या की पण पाठवू शकतो. आता विचार करा, तुमचा ब्राउझर साध्या यूजरचा आणि शेजारी रूटचा फाइल मॅनेजर उघडा, साध्या यूजरचा एखादा वाईट प्रोग्राम त्या रूटच्या विंडोला हुकूम सोडू शकतो, म्हणजे रूटचा पासवर्ड न लागताच रूट. केडीई नावाच्या दुसऱ्या डेस्कटॉपच्या लोकांनी २०१७ मध्ये त्यांचा केट एडिटर सुडोनं चालूच होऊ नये असं केलं ते याच कारणानं. वेलँडमध्ये स्क्रीन ज्याची त्याची, रूट आला तरी त्याच्याकडं त्या सेशनची चावी लागते, सुडोमधून ती पोचली तर विंडो उघडते, नाही पोचली तर वरचा मेसेज. म्हणून एकाच व्हर्जनच्या दोन मशीनवर एकावर चालतं आणि एकावर नाही, असंही दिसतं.

एखादा प्रोग्राम खरोखरच रूटनं उघडायचाय आणि दुसरा रस्ताच नाही, तर एक्सहोस्ट, स्पेस, प्लस एसआय कोलन लोकलयूजर कोलन रूट. त्यानं फक्त याच मशीनवरच्या रूटला स्क्रीन वापरायला मिळते. काम झालं की तीच कमांड प्लसच्या जागी मायनस टाकून परत मारायची, हे विसरायचं नाही. नुसतं एक्सहोस्ट प्लस मात्र कधीच नाही, ते सगळ्यांना दार उघडून देतं. ते करा म्हणून सांगणारा लेख असेल तर तो बंद करून टाका.

पण माझा अनुभव असा की शंभरातल्या बहुतेक वेळा रस्ता असतोच. विंडो आपल्याच नावावर ठेवायची आणि रूटची ताकद फक्त जिथं फाइल सेव्ह होते त्या एका क्षणाला द्यायची.

टेक्स्ट फाइल बदलायची असेल तर सगळ्यात भरवशाचं सुडोएडिट, सगळं एका शब्दात, पुढं फाइलचा पत्ता. ते काय करतं की फाइलची एक कॉपी तुमच्या नावानं बाजूला काढतं, तुमच्या एडिटरमध्ये उघडतं, तुम्ही सेव्ह करून बंद केलं की ती कॉपी रूट म्हणून जागेवर नेऊन ठेवतं. एडिटर सगळा वेळ तुमचाच, त्यामुळं होममध्ये रूटचं काही सांडत नाही. बहुतेक ठिकाणी नॅनो उघडतो, कंट्रोल ओ, एंटर, कंट्रोल एक्स, झालं. विंडोवाला एडिटर हवा असेल तर सुडो अंडरस्कोर एडिटर या नावाचं व्हेरिएबल, सगळी अक्षरं कॅपिटल, त्यात जीएडिट डॅश डॅश वेट असं टाका, व्हीएस कोड असेल तर कोड डॅश डॅश वेट. वेट विसरलात तर एडिटर लगेच टर्मिनल सोडून देतो, सुडोएडिटला वाटतं तुमचं काम झालं, फाइल बदललीच नाही असं सांगून मोकळं होतं, आणि तुम्ही नंतर केलेलं सेव्ह कुठंच जात नाही. यावर माझी एक अख्खी दुपार गेलीय.

नोमवाल्यांना अजून सोपं: एडिटरच्या नावापुढं ॲडमिन, कोलन, तीन स्लॅश, मग ईटीसी स्लॅश होस्ट्स. स्लॅश तीनच. एक पासवर्डची खिडकी येते, एडिटर तुमच्याच नावानं उघडतो आणि फक्त लिहा-वाचायचं काम मागं एक छोटा प्रोग्राम रूट म्हणून करतो. फाइल मॅनेजरच्या पत्त्याच्या पट्टीत कंट्रोल एल दाबून ॲडमिन, कोलन आणि तीन स्लॅश टाकले तरी तसंच. केट वापरत असाल तर काहीच करायला नको, साधा उघडा, फाइल बदला, सेव्ह दाबलं की तोच पासवर्ड विचारतो. मिंटच्या नेमो या फाइल मॅनेजरमध्ये राइट क्लिकला ओपन ॲज रूट आहे, वर पट्टी येते की तुम्ही रूट आहात, ती पट्टी दिसत असताना स्वतःच्या होममध्ये काही पेस्ट करू नका. जीपार्टेड, सिनॅप्टिक हे मेनूतून उघडा, टर्मिनलमधून सुडो लावून नको, मेनूतल्या आयकॉनमध्ये पासवर्ड विचारायची सोय आधीच केलेली असते. त्यामागं पीकेएक्झेक, म्हणजे पासवर्ड विचारून प्रोग्राम रूटनं चालवणारी कमांड, असतं, आणि तेही अपडेट ठेवा, कारण त्यात एक मोठं भोक २००९ पासून होतं ते जानेवारी २०२२ मध्ये उघड झालं, जुनी सिस्टीम अपडेट न करता चालवणाऱ्यांकडं ते आजही उघडंच आहे.

याच्यापुढं जाऊन मला एक गोष्ट लोकांच्या मनावर ठसवायचीय. "परवानगी नाही" असं आलं की हात आपोआप सुडोकडं जातो. जरा थांबा आणि विचारा, परवानगी काहून नाही? बऱ्याच वेळा रूट लागतच नाही.

संभाजीनगरला इंजिनिअरिंगला शिकणारा माझा मावसभाऊ, सोयाबीनच्या शेतात ओल मोजायचा सेन्सर करत होता, आर्डुइनोवर. बोर्ड यूएसबीला लावला तर परवानगी नाही, म्हणून अख्खा आर्डुइनोचा प्रोग्राम रोज सुडोनं उघडायचा, आणि महिन्यानं त्याचं स्केचबुकच (आर्डुइनोचे प्रोग्राम ठेवायचा फोल्डर) त्याला सेव्ह होईना. त्याला लागत होतं फक्त डायलआउट नावाच्या ग्रुपमध्ये नाव. सुडो यूजरमॉड, डॅश लहान ए कॅपिटल जी, डायलआउट, यूजरनेम. मग लॉगआउट करून परत लॉगिन, नुसतं टर्मिनल बंद करून चालत नाही. आणि तो लहान ए कधीच गाळू नका, गाळला तर तुम्ही बाकीच्या सगळ्या ग्रुपमधून बाहेर, सुडोच्या ग्रुपमधून सुद्धा, मग सुडो म्हणणार तुमचं नाव यादीत नाही आणि रिकव्हरी मोडमधून जाऊन दुरुस्त करावं लागेल.

प्रिंटरचंही तसंच. परळीच्या एका डीटीपीवाल्या काकांना लग्नसराईत पत्रिकांचं काम अंगावर आणि प्रिंटर जोडता येईना, त्यांनी सेटिंगची विंडो सुडोनं उघडायचा सपाटा लावला. नाव एलपीॲडमिन ग्रुपमध्ये घाला, किंवा ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट कोलन ६३१ उघडा, तिथं कप्सचं, म्हणजे लिनक्सच्या प्रिंटिंग सिस्टीमचं, पान येतं, त्यातून प्रिंटर जोडा. वायरशार्कला त्याचा स्वतःचा ग्रुप, व्हर्च्युअलबॉक्सच्या यूएसबीला व्हीबॉक्सयूजर्स.

आणि विंडोजच्या डिस्कचा घोळ. एकाच मशीनवर दोन्ही सिस्टीम आहेत, डी ड्राइव्ह लिनक्समधून उघडतो पण त्यात काही लिहिता येत नाही. रूटनं उघडला तरी नाही, कारण हा परवानगीचा विषयच नाही. विंडोज फास्ट स्टार्टअपमुळं पूर्ण बंद झालेलंच नसतं, अर्धवट झोपलेलं असतं, आणि अशा डिस्कवर लिहिलं तर डेटा बिघडेल म्हणून लिनक्स ती फक्त वाचायला देतं. विंडोजमध्ये जाऊन शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा, किंवा पॉवर ऑप्शनमधून फास्ट स्टार्टअप कायमचं बंद करा.

परत लॅबकडं येतो. मॅडमना दर रविवारी फाइल उघडून ओळी टाकायला लावणंच मला पटेना, चौदा मशीनवर हातानं कोण करणार. दोन होस्ट्स फायली तयार केल्या, एक टेस्टची, एक रोजची, आणि दोन ओळींची स्क्रिप्ट यूजर, लोकल, बिनमध्ये ठेवली जी हवी ती फाइल जागेवर कॉपी करते. स्क्रिप्टची मालकी रूटची ठेवली आणि लॅब यूजरला ती फक्त चालवता येते, बदलता येत नाही, हे पक्कं तपासलं, नाहीतर कुणीही त्यात स्वतःची ओळ घालून रूट होईल. मग व्हीआयसुडो, डॅश एफ, ईटीसीमधल्या सुडोअर्स डॉट डी फोल्डरात परीक्षा नावाची फाइल, त्यात लॅब यूजरला पासवर्डशिवाय फक्त तेवढी स्क्रिप्ट चालवायची परवानगी. फाइलच्या नावात टिंब ठेवू नका, टिंब असलेली फाइल सुडो वाचतच नाही. आणि सुडोअर्स कधीच साध्या एडिटरनं उघडू नका, व्हीआयसुडो सेव्ह करायच्या आधी चूक तपासतो, साधा एडिटर तपासत नाही, आणि एक ओळ चुकली की सुडो अख्खा बंद पडू शकतो. तसं आधीच झालं असेल आणि डेस्कटॉप चालू असेल तर पीकेएक्झेक व्हीआयसुडो मारून आत जाता येतं, तो सुडोवर अवलंबून नाही.

त्या दिवशी लाईट दोनदा गेली, इन्व्हर्टरवर काम केलं, पण चौदाही मशीन करून निघालो. आता मॅडम टर्मिनलमध्ये एक शब्द टाकतात आणि टेस्ट सुरू, विंडो उघडायचा प्रश्नच नाही. मधल्या काळात त्यांचा एकच फोन आला, तो माउस खराब झाला म्हणून.

तुमच्याकडं वरचं सगळं करूनही लॉगिन अडकत असेल तर खाली विचारा, पण विचारताना चार गोष्टींचा फोटो टाका: डीएफ डॅश एच, एलएस डॅश एलए, फाइंडची रूटवाली यादी, आणि एको डॉलर एक्सडीजी अंडरस्कोर सेशन अंडरस्कोर टाइप, सगळी कॅपिटल. शेवटची कमांड डेस्कटॉप चालू असतानाच मारायची, काळ्या स्क्रीनवर नाही, तिथं ती टीटीवाय असंच सांगणार. डेस्कटॉप उघडतच नसेल तर लॉगिन स्क्रीनवरच्या गिअरच्या चिन्हात कुठलं सेशन निवडलंय त्याचा फोटो चालेल. सिस्टीमचं नाव आणि नंबर पण लिहा, मिंट १९ आणि मिंट २२ ची उत्तरं वेगळी असतात.